होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम (संक्षेपाने 'होविशिका') हा मध्य प्रदेशातील शासकीय माध्यमिक शाळांमध्ये, म्हणजे इयत्ता सहावी ते आठवीच्या वर्गांमध्ये, १९७२ ते २००२ या काळात राबविला गेलेला विज्ञान शिक्षणाचा उपक्रम होता. विद्यार्थ्यांनी लहान गटांत स्वतः प्रयोग करावेत, शेत, नदीकाठ व गावपरिसरात फिरून निरीक्षणे गोळा करावीत आणि त्यांवर वर्गात चर्चा करून निष्कर्ष काढावेत, ही या कार्यक्रमाची मूळ कल्पना होती. होशंगाबाद जिल्ह्यातील १६ ग्रामीण शाळांपासून सुरू झालेला हा उपक्रम पुढे राज्याच्या अनेक जिल्ह्यांतील सुमारे एक हजार शाळांपर्यंत पोहोचला. होशंगाबाद जिल्ह्याचे नाव २०२२ मध्ये नर्मदापुरम असे बदलण्यात आले.

भारतातील शालेय शिक्षणाच्या इतिहासात या कार्यक्रमाला विशेष स्थान आहे. प्रयोगशील शिक्षणाचे बहुतेक उपक्रम एखाद्या खासगी वा आश्रमशाळेपुरते मर्यादित राहिले. होविशिका मात्र सामान्य शासकीय शाळांत, तेथील नेमलेल्या शिक्षकांकडूनच राबविला गेला आणि त्यासाठी पाठ्यपुस्तक, साहित्य, शिक्षक-प्रशिक्षण व परीक्षा या चारही गोष्टी एकत्र बदलण्यात आल्या.

पार्श्वभूमी

शाळेतील शिक्षण मुलांच्या भोवतालच्या जीवनाशी जोडलेले असावे, हा विचार भारतात नवा नव्हता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगावर आधारित मूलोद्योगी शिक्षणाची, म्हणजेच 'नई तालीम'ची, मांडणी केली. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) विज्ञान हा शालेय शिक्षणाचा अनिवार्य भाग असावा आणि ते प्रयोग व निरीक्षणांतून शिकविले जावे, अशी शिफारस केली. प्रत्यक्षात मात्र बहुसंख्य ग्रामीण शाळांत प्रयोगशाळा नव्हती. विज्ञानाच्या तासाला पुस्तकाचे वाचन होई आणि विद्यार्थी व्याख्या पाठ करीत.

या सुमारास मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही वैज्ञानिक मुंबई महानगरपालिकेच्या शाळांमध्ये प्रयोगांवर आधारित विज्ञान शिकविण्याचे काम करीत होते. अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघाच्या भौतिकशास्त्र अभ्यासगटानेही प्रयोगाधारित पाठ तयार केले होते. होशंगाबादच्या उपक्रमाची सुरुवात या दोन्ही अनुभवांच्या आधारे झाली.

स्थापना आणि विस्तार

कार्यक्रमाच्या प्रारंभी दोन स्वयंसेवी संस्था होत्या. पहिली होशंगाबादजवळील रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर ही क्वेकर पंथीयांनी स्थापन केलेली संस्था. दुसरी बनखेडी विकासखंडातील किशोर भारती. रेण्वीय जीवशास्त्राचे अभ्यासक अनिल सद्गोपाल यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून किशोर भारतीची स्थापना केली होती. १९७२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने या संस्थांना १६ शाळांमध्ये विज्ञान शिकविण्याच्या पद्धतीत प्रयोग करण्याची परवानगी दिली. त्यात अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तक बदलण्याचे स्वातंत्र्यही समाविष्ट होते.

१९७३ पासून दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक व संशोधक विद्यार्थी या कामात सहभागी झाले. इतर विद्यापीठे, महाविद्यालये व संशोधन संस्थांतील अभ्यासकही सुट्टीच्या काळात होशंगाबादला येऊन शिक्षकांसोबत काम करू लागले. विद्यापीठातील वैज्ञानिक व खेड्यातील शाळेचा शिक्षक एकाच गटात बसून तोच प्रयोग करीत, हे या प्रशिक्षणवर्गांचे वैशिष्ट्य होते.

१९७८ मध्ये कार्यक्रम होशंगाबाद जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांमध्ये लागू झाला आणि शाळांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. विस्ताराची जबाबदारी सांभाळण्यासाठी १९८२ मध्ये 'एकलव्य' ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. दिल्ली विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे अध्यापन सोडून आलेले विनोद रैना हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते. त्यानंतर राज्यातील इतर जिल्ह्यांतही निवडक शाळासमूहांमध्ये कार्यक्रम सुरू करण्यात आला.

अध्यापनपद्धती

वर्गातील विद्यार्थी साधारणपणे चार-चार जणांच्या गटांत बसत. प्रत्येक गटाला प्रयोगाचे साहित्य दिले जाई. प्रयोग शिक्षकाने करून दाखवावयाचा नसून गटाने स्वतः करावयाचा असे. निरीक्षणे प्रत्येक विद्यार्थी आपल्या वहीत लिहीत असे आणि सर्व गटांची निरीक्षणे फळ्यावरील एका सामाईक तक्त्यात मांडली जात. गटागटांच्या उत्तरांत फरक आढळल्यास तो का पडला, यावर चर्चा होई. आवश्यक असल्यास प्रयोग पुन्हा केला जाई. निष्कर्ष पुस्तकात छापलेला नसे.

परिभ्रमण

वर्गाबाहेरील अभ्यासासाठी कार्यक्रमात 'परिभ्रमण' हा शब्द रूढ झाला. परिभ्रमण ही सहल नव्हती. कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बाहेर जायचे, काय गोळा करायचे आणि कशाची नोंद करायची, हे निघण्यापूर्वी वर्गात ठरत असे. परत आल्यावर गोळा केलेल्या वस्तूंचे वर्गीकरण करून तक्ते तयार केले जात. त्यामुळे शाळेभोवतीचे शेत, बांध, ओढा व कुरण ही एका अर्थी शाळेची प्रयोगशाळाच झाली. ज्या शाळेत एकच खोली होती, तिलाही ही प्रयोगशाळा उपलब्ध होती.

मूळ आणि पान

परिभ्रमण आणि वर्गातील काम यांची सांगड कशी घातली जाई, हे मुळे व पाने यांच्या अभ्यासावरून स्पष्ट होते. विद्यार्थी परिसरातून लहान रोपटी मुळांसह गोळा करीत. वर्गात आल्यावर त्यांची विभागणी प्रथम मुळांच्या प्रकारांवरून केली जाई. एका ढिगात एक जाड मुख्य मूळ असलेली, म्हणजे सोटमुळाची रोपटी येत. दुसऱ्या ढिगात बुंध्यापासून फुटलेल्या सारख्या जाडीच्या अनेक मुळांची, म्हणजे तंतुमुळाची रोपटी येत. त्यानंतर त्याच रोपट्यांची पाने पाहिली जात. काही पानांत शिरांचे जाळे दिसे, तर काहींत शिरा एकमेकींना समांतर असत.

दोन्ही नोंदी एकाच तक्त्यात शेजारी मांडल्यावर त्यांच्यातील संबंध विद्यार्थ्यांच्या लक्षात येई. हरभरा, तूर, तुळस व आघाडा यांना सोटमूळ असते आणि त्यांच्या पानांत जाळीदार शिराविन्यास असतो. गहू, ज्वारी, मका व हरळी यांना तंतुमुळे असतात आणि पानांच्या शिरा समांतर असतात. पहिला गट द्विदल वनस्पतींचा व दुसरा एकदल वनस्पतींचा आहे. हे नियम म्हणून आधी सांगितले जात नसे. विद्यार्थी तक्त्यावरून नियम मांडीत आणि मग न उपटलेल्या रोपाचे केवळ पान पाहून त्याचे मूळ कसे असेल, याचा अंदाज बांधून तो तपासता येई.

या अभ्यासात अपवाद व चुका यांनाही महत्त्व आहे. कोरड्या जमिनीतून रोप ओढून काढल्यास सोटमूळ अर्ध्यातच तुटते व उरलेली बारीक उपमुळे तंतुमुळासारखी दिसतात. अशा वेळी नियम चुकला की नमुना नीट काढला गेला नाही, हे ठरविण्यासाठी खुरप्याने माती मोकळी करून रोप पुन्हा काढावे लागते. अळू व घोटवेल यांच्यासारख्या एकदल वनस्पतींच्या पानांत मात्र शिरांचे जाळे खरोखरच आढळते. नमुन्यातील दोष आणि खरा अपवाद यांत भेद करणे हा वैज्ञानिक विचारपद्धतीचा एक मूलभूत भाग आहे.

माशीचे जीवनचक्र

प्राण्यांच्या जीवनचक्राच्या अभ्यासासाठी घरमाशीचा उपयोग केला जाई. ताजे शेण भांड्यात घेऊन त्यावर माश्यांनी घातलेली अंडी, त्यांतून निघणाऱ्या अळ्या, त्यांचे कोष व शेवटी बाहेर पडणाऱ्या माश्या यांची विद्यार्थी दररोज नोंद करीत. उष्ण हवामानात अंड्यांतून अळ्या साधारण एका दिवसात बाहेर येतात आणि संपूर्ण चक्र दहा-बारा दिवसांत पूर्ण होते. थंडीत याला अधिक काळ लागतो.

शेणात किडे आपोआप निर्माण होतात, ही समजूत ग्रामीण भागात सर्रास आढळते. एक भांडे माश्या बसू देऊन व दुसरे सुरुवातीपासून कापडाने झाकून ठेवल्यास ही समजूत तपासता येते. इटालियन वैद्य फ्रांचेस्को रेडी यांनी १६६८ मध्ये मांसावर केलेला प्रसिद्ध प्रयोग याच तत्त्वावर आधारलेला होता.

सावली आणि मध्यान्ह

आकाशाच्या अभ्यासात अंगणात उभ्या केलेल्या काठीच्या सावलीची नोंद हा एक सोपा प्रकल्प आहे. दिवसभर ठरावीक अंतराने सावलीच्या टोकाशी खूण केल्यास सावली सर्वांत आखूड केव्हा होते, हे कळते. त्या वेळची सावली उत्तर-दक्षिण रेषेवर असते. ही वेळ घड्याळातील बाराची नसते, हे विद्यार्थ्यांना प्रथम चुकल्यासारखे वाटते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली असून होशंगाबाद त्याच्या पश्चिमेस, सुमारे ७७.७ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे तेथील मध्यान्ह वर्षाच्या सरासरीने बारा वाजून सुमारे १९ मिनिटांनी होते. हेच अंतर पुण्यात सुमारे ३५ मिनिटांचे आहे.

मोजमाप आणि संयोग

एकच लांबी वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी मोजल्यास थोडी वेगवेगळी का येते, हा मोजमापाच्या पाठाचा विषय होता. एकच 'बरोबर' उत्तर सांगण्याऐवजी सर्व मापे मांडून त्यांतील कमी-अधिकपणा पाहण्यावर भर होता. संयोग व संभाव्यता हा विषयही माध्यमिक वर्गांत प्रयोगांतून हाताळला गेला. नाणे दहा वेळा उडविल्यास छाप व काटा समान येतीलच असे नाही. संपूर्ण वर्गाच्या नोंदी एकत्र केल्यावर मात्र प्रमाण निम्म्याच्या जवळ येते. एका गटाच्या निरीक्षणापेक्षा अनेक गटांची एकत्रित निरीक्षणे अधिक विश्वसनीय का असतात, हे त्यातून समजते.

पाठ्यपुस्तक

कार्यक्रमाच्या पाठ्यपुस्तकाचे नाव 'बाल वैज्ञानिक' असे होते. १९७८ पासून सहावी, सातवी व आठवीसाठी त्याचे खंड मध्य प्रदेश पाठ्यपुस्तक निगमाने प्रकाशित केले. प्रत्येक पाठ आधी शाळांमध्ये शिकवून पाहिला जाई आणि शिक्षक व विद्यार्थ्यांच्या प्रतिसादानुसार बदलला जाई. पुस्तकात प्रयोगांच्या सूचना व प्रश्न असत. प्रश्नांची उत्तरे व व्याख्या दिलेल्या नसत. त्यामुळे विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली वही हे पाठ्यपुस्तकाइतकेच महत्त्वाचे साधन होते.

साहित्य

शाळांना प्रयोगसाहित्याची पेटी पुरविली जात असे. तीत भिंगे, चुंबक, परीक्षानळ्या इत्यादी वस्तू असत. जे साहित्य गावात सहज मिळेल ते बाहेरून मागवायचे नाही, असे धोरण होते. निकामी झालेले विजेचे दिवे, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांचा प्रयोगांत उपयोग केला गेला. फुलांचे भाग सुटे करण्यासाठी लागणाऱ्या धातूच्या सुयांऐवजी बाभळीचे काटे वापरले जाऊ लागले. काटे प्रत्येक गावात विनामूल्य मिळत आणि त्यांनी काम तितकेच चांगले होई. साहित्य स्वस्त झाल्यामुळे ते मोडेल या भीतीने कुलपात ठेवण्याची गरज कमी झाली.

शिक्षक-प्रशिक्षण

शिक्षकांसाठी उन्हाळी सुट्टीत सुमारे तीन आठवड्यांचे निवासी प्रशिक्षणवर्ग घेतले जात आणि शिक्षकाने अशी प्रशिक्षणे तीन वर्षांत पूर्ण करावीत अशी योजना होती. या वर्गांत शिक्षक विद्यार्थ्यांप्रमाणेच गटांत बसून पुस्तकातील सर्व प्रयोग करीत व परिभ्रमणालाही जात.

वर्षभर दर महिन्याला शिक्षकांच्या 'मासिक गोष्ठी' होत. त्यांत वर्गात आलेल्या अडचणी मांडल्या जात. जवळपासच्या शाळांचा समूह एका 'संगम केंद्रा'शी जोडलेला असे. अनुभवी शिक्षक व इतर स्रोतव्यक्ती शाळांना भेटी देऊन वर्गातील काम पाहत. या भेटींना 'अनुवर्तन' म्हटले जाई आणि त्यांचा उद्देश तपासणी हा नसून साहाय्य हा होता.

परीक्षा

परीक्षापद्धतीतील बदल हा कार्यक्रमाचा सर्वांत वेगळा भाग मानला जातो. लेखी परीक्षेत विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तक व स्वतःची वही जवळ ठेवण्याची मुभा होती. अपरिचित निरीक्षणे देऊन त्यांवरून निष्कर्ष काढण्यास, तक्ता वा आलेख वाचण्यास, किंवा एखादा प्रयोग कसा करता येईल हे सांगण्यास प्रश्नपत्रिकेत सांगितलेले असे. त्यासोबत प्रात्यक्षिक परीक्षाही होत असे. ही पद्धत आठवीच्या सार्वत्रिक परीक्षेतही लागू होती. परीक्षा पाठांतराचीच राहिली असती, तर वर्गातील प्रयोग व परिभ्रमणे काही काळाने बंद पडली असती, अशी यामागील धारणा होती.

सवालीराम

विद्यार्थ्यांना पाठाबाहेरचे प्रश्नही विचारता यावेत म्हणून 'सवालीराम' हे काल्पनिक पात्र निर्माण करण्यात आले. मुले त्याला पत्रे लिहून कोणताही प्रश्न विचारू शकत. कार्यक्रमाशी संबंधित वैज्ञानिक व कार्यकर्ते सवालीरामच्या नावाने उत्तरे पाठवीत. उत्तरांत शक्य तेथे मुलाला स्वतः काय करून पाहता येईल, हे सुचविलेले असे. १९८५ मध्ये एकलव्यने 'चकमक' हे बालविज्ञान मासिक सुरू केले.

मर्यादा आणि आक्षेप

कार्यक्रमावर विविध आक्षेप घेण्यात आले. इतर शाळांच्या तुलनेत 'बाल वैज्ञानिक'मध्ये माहितीचे प्रमाण कमी असल्याने नववी-दहावीत गेल्यावर विद्यार्थी मागे पडतात, हा त्यांपैकी प्रमुख होता. एकाच राज्यात दोन वेगळे अभ्यासक्रम असल्यामुळे बदली झालेल्या पालकांच्या मुलांना अडचण येते, असेही म्हटले गेले. समर्थकांच्या मते, पुढील वर्गांतील शिक्षण पुन्हा पाठांतरावर आधारलेले असल्याने त्या निकालांवरून प्रयोग, निरीक्षण व तर्क यांतील क्षमता मोजता येत नाही.

अंमलबजावणीतही अडचणी होत्या. प्रशिक्षित शिक्षकांच्या बदल्या, साहित्य वेळेवर न मिळणे, वर्गातील मोठी पटसंख्या आणि प्रयोगांसाठी अपुरा वेळ यांमुळे सर्व शाळांत काम सारख्या दर्जाचे होत नव्हते. विस्तारासोबत प्रत्येक शिक्षकाला मिळणारे साहाय्यही विरळ होत गेले. अशा शिक्षणात शिक्षकाला 'मला माहीत नाही, आपण करून पाहू' असे वर्गासमोर म्हणावे लागते. अधिकाराच्या रूढ कल्पनेत वाढलेल्या शिक्षकाला हे सोपे नव्हते.

समाप्ती

२००२ मध्ये होशंगाबाद जिल्हा नियोजन समितीत कार्यक्रम बंद करण्याची मागणी पुढे आली. त्याच वर्षी राज्य शासनाने कार्यक्रम बंद करून सर्व शाळांत राज्याचे सर्वसाधारण विज्ञान पाठ्यपुस्तक लागू केले. या निर्णयाविरुद्ध देशभरातील अनेक वैज्ञानिक व शिक्षणतज्ज्ञांनी मत व्यक्त केले. तथापि निर्णय कायम राहिला. एकलव्यने त्याच वयोगटासाठी चालविलेल्या सामाजिक अध्ययनाच्या कार्यक्रमाचीही त्याच वेळी समाप्ती झाली. सुशील जोशी यांच्या 'जश्न-ए-तालीम' या हिंदी ग्रंथात होविशिकेचा तपशीलवार इतिहास आलेला आहे.

प्रभाव

कार्यक्रम थांबला तरी त्यातील अनेक तत्त्वे राष्ट्रीय धोरणात समाविष्ट झाली. सुरुवातीच्या काळापासून कार्यक्रमाला पाठिंबा देणारे भौतिकशास्त्रज्ञ यश पाल हे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या सुकाणू समितीचे अध्यक्ष होते. शाळेतील ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडणे हे त्या आराखड्याचे एक मार्गदर्शक तत्त्व आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २९ मध्ये कृती, शोध व अन्वेषण यांद्वारे शिक्षण व्हावे असे म्हटले आहे. या अधिनियमाच्या घडणीत विनोद रैना यांचा सहभाग होता.

महाराष्ट्राशी संबंध

अभियंता अरविंद गुप्ता यांनी पुण्यातील कारखान्यातील नोकरीतून रजा घेऊन १९७८ मध्ये या कार्यक्रमात काम केले. आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून भौमितिक आकार तयार करण्याची त्यांची पद्धत येथेच विकसित झाली. पुढे त्यांनी पुण्यातील आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिका या बालविज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केले. टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी बनविण्याच्या त्यांच्या पुस्तिका मराठीतही उपलब्ध आहेत. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला. एकलव्यच्या १९९४ मध्ये सुरू झालेल्या 'संदर्भ' या हिंदी नियतकालिकापासून प्रेरणा घेऊन मराठीत 'शैक्षणिक संदर्भ' हे नियतकालिक निघाले.